मोलेला बसने

मोलेला बसने जाता येते. एवढी साधी गोष्ट मला मुद्दाम लिहाविशी वाटते, कारण मी ती कुणाला सांगितली की समोरचा माणूस लगेच विचारतो, ‘पण मग पुढे काय? गाडी नको?’ गोव्यातले एकमेव राष्ट्रीय उद्यान हे. १९६९ साली अभयारण्य झाले, १९७८ साली त्यातल्या १०७ चौरस किलोमीटरला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. भोवतीचे भगवान महावीर अभयारण्य धरून सगळे मिळून २४० चौरस किलोमीटरचे जंगल. त्यातून पणजी-बेळगाव महामार्ग जातो आणि रेल्वेही जाते. म्हणजे दारापर्यंत रस्ता आहे, रूळ आहेत. तरीही ज्याच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्याने तिथे जायचा विचार करू नये, असे आपल्याकडे न बोलता ठरून गेले आहे. मला हे मनापासून खुपते. जंगल सरकारी आहे, म्हणजे ते सगळ्यांचे आहे, आणि सगळ्यांत बसची वाट पाहणारेही येतात.

मी फोंड्यात राहते आणि गाडी चालवत नाही. त्यामुळे मोलेला माझे जाणे बसनेच होते. फोंड्याच्या बसस्थानकावरून दोन तऱ्हेच्या गाड्या मिळतात. एक म्हणजे बेळगाव-हुबळीकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या कदंब, म्हणजे आमच्या सरकारी महामंडळाच्या बस, दुसऱ्या धारबांदोडा, मोले, कुळे करणाऱ्या गावगाड्या. लांब पल्ल्याच्या गाडीत चढण्याआधी ‘मोलेला थांबणार ना’ हे कंडक्टरला विचारून घ्यावे आणि तिकीट हातात पडेपर्यंत दारातून हलू नये. पण माझा जीव रमतो तो गावगाडीत. ती वेळ घेते, दर नाक्यावर थांबते. दारातला पोरगा ‘मोलें, कुळें, बस बस बस’ करून ओरडत असतो, आणि ‘फुडें वच रे, मदें रावूं नाका’ (पुढे सरका, मध्ये थांबू नका) हा त्याचा घोष मोले येईपर्यंत चालू राहतो. कॉलेजची मुले, बाजार करून परतणाऱ्या बाया, सुटीवर घरी निघालेला एखादा पोलीस, कुणाच्या मांडीवर कोंबडीचे खुराडे. जंगलाच्या काठावर माणसे राहतात हे मला पुस्तकाने नाही, या गाडीने समजावले.

फोंड्याहून मोले तीसेक किलोमीटर. या रस्त्यातली एक जागा मी कधी चुकवत नाही, ती म्हणजे खांडेपारचा पूल. पुलावरून खाली पाहिले की जी नदी दिसते ती दूधसागरचेच पाणी घेऊन आलेली असते. सह्याद्रीच्या कड्यावरून ३१० मीटर उड्या घेत उतरलेले पाणी मोलेच्या रानातून वाहत इथे येते आणि पुढे मांडवीला मिळते. याच नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण प्रकल्प आहे. फोंड्याच्या आणि पणजी ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याच्या नळांना तिथून पाणी जाते. पणजीत राहणारा माणूस सकाळी तोंड धुतो ते पाणी या रानाने धरून ठेवलेले असते. ‘मोले वाचले काय, गेले काय, आम्हाला काय त्याचे’ असे म्हणणाऱ्याला मी वाद घालत बसत नाही. म्हणते, चल, एकदा माझ्याबरोबर बसने खांडेपारपर्यंत ये.

पुढे तिस्क-उसगाव, मग दयानंदनगरचा संजीवनी साखर कारखाना. तिथले गाळप काही वर्षांपासून थांबले आहे. या पट्ट्यातल्या ऊस लावणाऱ्या घरांच्या गोष्टी बसमध्ये कानावर पडतात, त्या ऐकताना बाहेर बघायचे भान राहत नाही. खाणी जोरात होत्या तेव्हा याच भागात ट्रकांची लाल धूळ झाडांच्या पानांवर बसलेली असायची. धारबांदोडा मागे पडला की हवा बदलते. उन्हाळ्यातही खिडकीतून आत येणारा वारा किंचित ओलसर लागतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऐन, किंदळ, नाणा उंच होत जातात. गाडीत गप्पा मारणारे लोक या टप्प्यावर आपोआप कमी बोलतात असे मला वाटत आले आहे; कदाचित निम्मे लोक उतरलेले असतात म्हणूनही असेल.

मोलेचा नाका म्हणजे तिठा. सरळ गेले की तपासणी नाका आणि अनमोड घाट, उजवीकडे वळले की पाचसहा किलोमीटरवर कुळे. ट्रकवाल्यांची वर्दळ असल्यामुळे इथे चहाची आणि जेवणाची सोय चांगली आहे. सकाळी गरम उंडो पाव आणि पातळभाजी, दुपारी शीत-कडी. पोटाची चिंता इथे करावी लागत नाही. बाकी सोयींचे मात्र घरून निघतानाच ठरवलेले बरे. पैसे फोंड्यातच काढून घ्यावेत, नेहमीची औषधे पिशवीत असावीत, पाण्याची बाटली मोठी असावी. महामार्गावरून घाटाकडे सरकले की मोबाईलची रेंज जाते, म्हणून कुठे जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी आधीच सांगून ठेवावे. आजारपण, सापाचा दंश, अपघात असे काही झाले तर १०८ ला फोन करायचा. मोठे रुग्णालय म्हटले तर फोंड्याचे उपजिल्हा रुग्णालय, आणि त्याहून गंभीर असेल तर बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. मोले ते बांबोळी हे अंतर आजारी माणसासाठी फार लांब आहे. तिथल्या गावकऱ्यांना ते पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, आपल्याला सहलीच्या दिवशी कळते.

वनखात्याचे निसर्ग माहिती केंद्र महामार्गालगतच आहे. बसने आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा तिथे जायला सांगते. जंगलात कुठे जायला परवानगी आहे, तिकीट कुठे, कुठली वाट बंद, हे तिथे विचारता येते. गवा हा आपला राज्यप्राणी. शेकरू, मोठा धनेश, नागराज, बिबट्या या सगळ्यांचे हे घर. आत सनसेट पॉइंट, डेव्हिल्स कॅनियन अशा जागा आहेत, पण त्या वाटेने परवान्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. इथे बसने येणाऱ्याची पंचाईत होते. परवाना मिळतो, पण तिथवर न्यायला काही नाही. गाडीवाल्यांना फाटक उघडते आणि ते निघून जातात. पायी आलेला माणूस फाटकाशी उभा राहतो.

आई बरोबर होती तेव्हाचे सांगते. आई मूळची साकोर्ड्याची, याच जंगलाच्या उत्तरेच्या कडेची. लग्न होऊन फोंड्याला आल्यावर संसारात तिचे तिकडे जाणे तुटले. वयाच्या सत्तरीत तिने एक दिवस सांगितले, मला मोले बघायचे आहे. नातेवाईक म्हणाले, टॅक्सी करा. आईच म्हणाली, कशाला, बस आहे ना. आम्ही सकाळच्या गाडीने निघालो. मोलेच्या नाक्यावर उतरलो तेव्हा उन्हाने तिला भोवळ आली. चहाच्या टपरीवरच्या बाईने काही न विचारता बाकडे सावलीत ओढले, लिंबू-मिठाचे पाणी करून दिले, आणि आपल्या मुलाला आमच्यापाशी बसवून ती पुन्हा कामाला लागली. आईने डोळे उघडले आणि त्या मुलाला पहिला प्रश्न केला, ‘बाबा, तू कोणाचा?’ तो बोळकर्ण्याचा निघाला. त्याचे आजोबा आणि आईचे वडील एकाच वाटेने महाशिवरात्रीला तांबडी सुर्ल्याच्या महादेवाच्या देवळाला चालत जात, हे पाच मिनिटांत उजेडात आले. मग दोघांनी मिळून ती वाट सगळीच्या सगळी आठवली. कुठे ओढा, कुठे फणसाचे झाड, कुठे गवे उतरायचे. मी नुसती ऐकत होते. त्या दिवशी आम्ही माहिती केंद्राच्या पुढे गेलो नाही. परतीच्या गाडीत कंडक्टरने पुढच्या बाकावरच्या दोन मुलांना उठवले आणि आईला म्हणाला, ‘आजी, तूं हांगा बस.’ ती खिडकीशी बसली आणि धारबांदोडा येईपर्यंत बाहेर बघत राहिली. आपले जंगल पाहून आले, असे ती पुढे सगळ्यांना सांगत होती.

कुळेला जायचे तर मोलेच्या तिठ्यावरून बस मिळते, पण माझे मत विचाराल तर कुळेला रेल्वेने जावे. वास्कोहून मडगाव, सावर्डे-कुडचडे करत कुळेला पॅसेंजर येते. वेळापत्रक बदलत असते, तेवढे आधी पाहून घ्यावे. ही रेल्वे १८८८ सालची, पोर्तुगीज काळातली. वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे असे तिचे नाव होते आणि मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी जोडण्यासाठी ती घातली होती. कुळे म्हणजे तेव्हाचे हद्दीजवळचे स्टेशन. तिथे सामानाची तपासणी व्हायची. आजही कुळेला गाड्या जास्त वेळ थांबतात, कारण पुढे कॅसलरॉकपर्यंत २६ किलोमीटरचा घाट आहे आणि चढ ३७ ला १ इतका. डब्यांना मागून रेटायला जादा इंजिने जोडावी लागतात. फलाटावर उभे राहून हा सोहळा पाहायला मला आवडतो. इंजिने जोडली जातात, माणसे हातातले झेंडे हलवतात, गाडी जंगलात शिरते आणि आवाज बराच वेळ येत राहतो.

दूधसागरला जायचे तर कुळेहून जीप. बहुतेक लोक यासाठीच इथे येतात. स्टेशनावरून जीपच्या जागेपर्यंत चालत जाता येते, त्यामुळे बसने वा रेल्वेने येणाऱ्याला त्रास नाही. त्रास पुढे आहे. जीप सहासात माणसांची. घोळका घेऊन आलात तर लगेच निघता. एकटे असाल तर कुणाच्या तरी गाडीत एक जागा रिकामी राहीपर्यंत थांबा. मी एकटी गेले होते तेव्हा खिडकीवरच्या माणसाने मला ‘ग्रुप नाही का’ असे विचारून बाजूला व्हायला सांगितले आणि नंतर माझ्याकडे पाहिलेच नाही. निपाणीहून आलेल्या एका कुटुंबाने स्वतः होऊन हाक मारली, ‘काकू, आमच्यात एक जागा आहे, या की.’ त्यांच्या लहान मुलीने ओढ्यातून जीप पाण्यात उतरली तेव्हा माझा हात घट्ट धरला होता. धबधबा सुंदर आहे, त्याविषयी खूप लिहिले गेले आहे, मी त्यात भर घालत नाही. पण एकट्या माणसाला जागेसाठी लोकांच्या चांगुलपणावर अवलंबून राहावे लागू नये. एकट्यांसाठी रांग करून त्यातून जीप भरत गेले तर कुणाचे नुकसान होणार आहे?

पावसाळ्यात जीप बंद असतात आणि रुळांवरून चालत दूधसागर गाठायला रेल्वेने मनाई केली आहे. ती मनाई मला योग्य वाटते. बोगदे आहेत, वळणे आहेत, मागून येणारी गाडी धुक्यात दिसत नाही. पावसाळ्यातला दूधसागर घाटातून जाणाऱ्या रेल्वेच्या खिडकीतून बघावा. त्या दिवसांत माझा खरा आनंद मात्र बेळगावच्या बसमध्ये आहे. मोलेचा नाका ओलांडला की बस अभयारण्यातूनच चालते. त्या रस्त्याला वेगळी सफारी लागत नाही. अनमोडच्या वळणांवर ढग खिडकीत येतात, दर वळणाला एक नवा ओहोळ रस्त्यावर उतरलेला असतो, ड्रायव्हर गाडी सावकाश घेतो. दरड कोसळली तर वाहतूक थांबते, त्यामुळे पावसात त्याच दिवशी परतायचा हट्ट धरू नये. जळवांचे म्हणाल तर बसमध्ये जळू लागत नाही, उतरून रानात पाय ठेवलात तर लागणारच, मीठ जवळ ठेवा.

तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ बसवाल्यांसाठी सगळ्यात अवघड. मोलेहून तेराएक किलोमीटर. बारा-तेराव्या शतकातले, कदंब काळातले, काळ्या पाषाणाचे. हा काळा दगड घाटावरून आणला असे जाणकार सांगतात. खांबाच्या पायथ्याशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरलेला आहे, तो शोधून बघावा. शेजारून नदी वाहते. जंगलाने झाकून ठेवल्यामुळे हे देऊळ शतकानुशतके टिकले. तिकडे जाणाऱ्या बस मोजक्या आहेत आणि परतीच्या त्याहून मोजक्या. मी जाते तेव्हा साकोर्ड्यातल्या मामेभावाकडे उतरते आणि तो मला स्कूटरवर पोचवतो. ज्याला तिथे मामेभाऊ नाही त्याने मोलेच्या नाक्यावरून रिक्षा किंवा पायलट, म्हणजे भाड्याचा मोटारसायकलवाला, ठरवावा, जाण्यायेण्याचे पैसे आधी बोलून घ्यावेत आणि थांबायलाही सांगावे. देवळापाशी उभे राहून परतीचे वाहन मिळेल असे धरून चालू नये.

आता जे मला मुख्यतः सांगायचे आहे ते. २०२० सालापासून मोलेसाठी गोव्यात जे आंदोलन उभे राहिले ते आपल्याला ठाऊक आहे. रेल्वेचा दुपदरी मार्ग, चौपदरी महामार्ग आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी, असे तीन प्रकल्प एकाच जंगलातून. चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध मत दिले आणि २०२२ च्या मे महिन्यात न्यायालयाने त्या प्रकल्पाची मंजुरी रद्द केली. त्या आंदोलनातल्या तरुण मुलामुलींचा मला अभिमान वाटतो. पण मला वाटते, जंगल वाचवा म्हणताना जंगलापर्यंत माणसांनी कसे जावे हेही आपण ठरवायला हवे. रस्ता रुंद करा ही मागणी होते ती ‘गाड्या वाढल्या’ या कारणावर. एका बसमध्ये चाळीस-पन्नास माणसे बसतात. तेवढीच माणसे मोटारींतून आली तर दहाबारा मोटारी रस्त्यावर येतात, आणि रात्री रस्ता ओलांडणाऱ्या जनावरांच्या वाट्याला तेवढेच जादा दिवे आणि तेवढीच जादा चाके.

म्हणून माझी मागणी छोटीच आहे. मोलेचा तिठा, माहिती केंद्र, कुळे स्टेशन आणि तांबडी सुर्ला अशी दिवसभर फिरणारी एक लहान बस. फोंड्याच्या गाड्यांच्या आणि कुळेच्या पॅसेंजरच्या वेळा पाहून तिच्या वेळा ठरवाव्यात. उद्यानाच्या आतही ठरावीक रस्त्यांवर वनखात्याची बस चालवता येईल. बंदीपूरला वनखात्याच्या बसमधूनच लोक जंगल बघतात. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत बस जाते. मोलेला ती का नसावी?

कुणी म्हणतील, सोय झाली की गर्दी वाढेल. गर्दी आजच येते आहे, मोटारींतून. बसने आलेली माणसे मोजता येतात, कुठे उतरायचे हे त्यांना सांगता येते, शेवटची बस सुटली की जंगल रिकामे होते. मात्र एक काळजी मलाही आहे आणि ती गावकऱ्यांसाठी आहे. दुपारच्या कुळे गाडीत शाळेची मुले आणि दवाखान्यातून परतणारी माणसे असतात. पर्यटकांनी त्या जागा अडवल्या तर मग मी वर जे लिहिले त्याला काही अर्थ नाही. उद्यानाची बस वेगळी हवी ती यासाठी. आणि तोवर गावगाडीत बसलेल्या सहलीच्या माणसाने शाळकरी मुलाच्या दप्तराला जागा करून द्यावी, म्हाताऱ्याला खिडकी द्यावी.

ही मागणी नवलाची नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसच्या अर्ध्या तिकिटासाठी रस्ते अडवले, लाठ्या खाल्ल्या आणि सवलत मिळवली. लगेच १९८० साली कदंब महामंडळ उभे राहिले. आमच्या घरात आजी बसला कार्रेर म्हणायची आणि कार्रेर मालकाच्या मर्जीवर चालते असे सांगायची. बस आपल्या हक्काची आहे हे त्या मुलांनी शिकवले. आज मोले आणि कुळेची मुले फोंड्याला कॉलेजात येतात ती त्याच हक्कावर.

या हिवाळ्यात जाणार असाल तर फोंड्याहून सकाळची पहिली मिळेल ती गाडी पकडा. मोलेला उतरल्याबरोबर परतीची शेवटची बस कधी, हे नाक्यावरच्या दुकानात विचारा, कारण संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात. परतताना कुळेच्या फाट्यावर थांबू नका, महामार्गावर फोंड्याच्या दिशेच्या बाजूला उभे राहा. बेळगावहून येणारी कदंब तिथे थांबवता येते. भरलेली असली तरी धारबांदोड्याला जागा होते.